जपानहून येताना काय आणू? सारखे विचारले जाणारे प्रश्न

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सात वर्षं टोकियोत काढली, निशी-कासाईला, जिथे स्टेशनवर उतरल्या उतरल्या मराठी कानावर पडतं. आता पुण्यात परत आलोय, पण नात्यातलं, ओळखीतलं, मुलीच्या मैत्रिणीच्या घरचं कोणीही जपानला निघालं की मला फोन येतोच, आणि विचारायचं असतं ते एकच, "तिकडून काय आणू गं?" दर वेळी तेच लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतेय. लांब झालंय, पण घाईत असाल तर आपल्याला हवा तो प्रश्न शोधून तेवढाच वाचा.

आता सगळंच ऑनलाइन मिळतं, मग तिकडून आणायचं तरी कशाला?

जपानीत एक शब्द आहे, ओमियागे. ऑफिसातला माणूस दोन दिवस दुसऱ्या गावाला जाऊन आला तरी सोमवारी टेबलावर तिथल्या मिठाईचा बॉक्स ठेवतो, आत प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळलेला, येता-जाता सगळ्यांनी एकेक उचलायचा. महाग नसतं ते, पण त्याच गावचं असतं. हिरोशिमाजवळच्या मियाजिमाला गेलेला माणूस मेपलच्या पानासारखे मोमिजी मांजू आणणार, कामाकुराहून कबुतराच्या आकाराची लोण्याची बिस्किटं येणार, क्योतोहून दालचिनीच्या वासाची यात्सुहाशी. आपलं काय वेगळं आहे, साताऱ्याहून कंदी पेढे, लोणावळ्याहून चिक्की, पंढरपूरहून बुक्का आणि चुरमुरे. जो घरी राहिला त्याच्या हातावर त्या गावचं काहीतरी ठेवायचं, एवढंच.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते, वस्तू लहान असू दे, पण ती कुठली आहे हे देताना तुम्हाला सांगता आलं पाहिजे, आणि कोणासाठी घेतली ते दुकानात असतानाच ठरलेलं पाहिजे. "असू देत, कोणाला तरी होईल" म्हणून घेतलेल्या गोष्टी कपाटात तशाच राहतात, मी पाहिलंय.

यादी कशी करू? लोक खूप आहेत आणि बजेट थोडं.

निघायच्या आधी घरी बसून नावं लिहा, तिकडे गेल्यावर आठवत नाही. नावापुढे वस्तू लिहू नका, त्या माणसाच्या रोजच्या दिवसातली एक गोष्ट लिहा. काका सकाळी चहा घेऊन पेपर वाचतात, वहिनी डबा करते, भाचा चित्रं काढतो. दुकानात गेलं की मग वस्तू आपोआप सापडते. पैशाचा हिशोब सोपा ठेवा, १०० येन म्हणजे साधारण ६० रुपयांच्या आसपास धरा आणि निघताना रेट बघून घ्या. ५०० ते १५०० येनमध्ये उत्तम गोष्टी मिळतात, खरंच मिळतात.

एक मनापासून सांगते. घरी काम करणाऱ्या मावशी, वॉचमनकाका, रोज मुलाला शाळेत सोडणारे रिक्षावाले काका यांची नावं यादीत वरती लिहा, शेवटी उरलेलं चॉकलेट त्यांच्या हातावर ठेवू नका. आमच्याकडच्या मावशींना मी इमाबारी या गावचा छोटा टॉवेल आणला होता, दोन वर्षांनी सुद्धा तो कमरेला खोचलेला दिसायचा. पाहुण्यांना दिलेल्या किती वस्तू अशा वापरात दिसल्या हे आठवून बघितलं तर मला फार थोड्या आठवतात.

आम्ही शुद्ध शाकाहारी. खायचं काही आणता येईल का?

येईल, पण वाचून. हे उत्तर लांब आहे कारण इथे माझ्या हातून चूक झालीये. पहिल्या वर्षी सुट्टीला येताना सासूबाईंसाठी मऊ मऊ मार्शमॅलोचं पाकीट आणलं, आत चॉकलेट. त्यांना फार आवडलं, अर्धं पाकीट त्यांनी आनंदाने खाल्लं. पुढे वर्षभराने मला जपानी लेबल वाचता यायला लागलं आणि कळलं की त्यात जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं. मी त्यांना स्वतःहून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण मला ते अजून लागतं.

तर लक्षात ठेवायचे शब्द. जिलेटिनला तिकडे झेराचिन म्हणतात. तामागो म्हणजे अंडं, बुता डुक्कर, ग्यू गाय-बैल, साकाना मासे, आणि कात्सुओ हा तो मासा ज्याचं पाणी म्हणजे दाशी बऱ्याच खारट गोष्टींत असतं, चिप्समध्ये, तांदळाच्या खारट बिस्किटांमध्ये, नूडल्सच्या मसाल्यात. दिसायला निव्वळ तांदळाचं बिस्किट असतं आणि आत माशाची पावडर. फोनचं भाषांतर ॲप उघडा, कॅमेरा पाकिटाच्या मागच्या बाजूवर धरा आणि पूर्ण यादी वाचा. पाकिटावर ॲलर्जीची चौकट असते, त्यात अंडं, दूध, गहू, शेंगदाणा वगैरे लिहावंच लागतं, पण जिलेटिन त्या सक्तीच्या यादीत नाही, म्हणून फक्त चौकट बघून थांबू नका.

प्रसिद्ध टोकियो बनाना हा केळ्याच्या क्रीमचा केक आहे, त्यात अंडं असतं आणि तो जेमतेम आठवडाभर टिकतो. अंडं चालत असेल तर लेबल वाचून घ्या, पण परतीच्या दिवशीच. आणि तारीख नीट वाचा, तिकडे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. २७.०३.०५ असं असेल तर ती ५ मार्च २०२७, आपल्या सवयीने २७ मार्च नाही.

मग बिनधास्त देता येईल असं गोड कुठलं?

दोन गोष्टी, आणि दोन्ही मला जिवापाड आवडतात.

एक योकान. आझुकी नावाच्या लाल कडधान्याचं पुरण, साखर आणि कान्तेन, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेलं आगर, बस. साध्या योकानमध्ये ना दूध ना अंडं ना जिलेटिन. घट्ट वडी असते, सुरीने पातळ कापून खायची, सीलबंद असेल तर महिनोन्महिने टिकते आणि बॅगेत दबली तरी काही होत नाही. ते आझुकीचं पुरण, आंको म्हणतात त्याला, तोंडात घातलं की आपल्याकडच्या कोणालाही पुरणपोळी आठवते, फक्त वेलदोडा-जायफळ नसतं. माझ्या बाबांनी पहिला तुकडा खाऊन "कटाची आमटी कुठाय?" असं विचारलं होतं आणि मग अख्खी वडी संपवली. चव बदललेलं योकान घेत असाल तर लेबल परत वाचा.

दुसरं कोनपेइतो. हे हातात घेतलं की तुम्ही म्हणाल अरे हा तर संक्रांतीचा हलवा! अगदी तसेच काटेरी रंगीत साखरेचे दाणे. आई दरवर्षी हलवा करायची, मंद शेगडीवर परात, त्यात खसखस, वरून पाक चमच्याने जरा जरा सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं, काटा यायला तासन्‌तास जायचे, हाताला चटके बसायचे. क्योतोला कोनपेइतोचं एक जुनं दुकान आहे, र्योकुजुआन शिमिझु, १८४७ पासूनचं, तिथेही हीच रीत, फक्त परात प्रचंड, तिरकी आणि फिरती. तांदळाच्या कणावर पाक थोडा थोडा ओतत दोन-दोन आठवडे हे काम चालतं. शब्द मूळचा पोर्तुगीज, कोन्फेइतो. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश या पोर्तुगीज पाद्र्याने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बाटलीतून ही साखर भेट दिली होती, आणि हा फ्रोइश जपानला जायच्या आधी बरीच वर्षं आपल्या गोव्यात राहिलेला. मी आईला कोनपेइतोची पुडी दिली तर तिने एक दाणा चष्म्याजवळ नेऊन बघितला, बोटांत फिरवला आणि म्हणाली, "काटा छान आलाय हं." कुठल्याच भेटीवर मला याहून मोठी पावती मिळालेली नाही. संक्रांतीच्या आधी परत येत असाल तर हे घ्याच.

माचा सगळे आणायला सांगतात. घेऊ का?

ज्याने आधी पिऊन बघितलाय आणि आवडलाय त्याच्यासाठीच घ्या. माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची पूड, क्योतोजवळच्या उजीची नावाजलेली, आइची प्रांतातलं निशिओही मोठं गाव आहे त्यासाठी. गेल्या काही वर्षांत जगभर मागणी वाढल्यामुळे भाव चढलेत. लहान डबा घ्या, ३०-४० ग्रॅमचा, कारण उघडल्यावर उजेड आणि हवा लागली की रंग उतरतो आणि वास जातो. आले घालून उकळलेला दुधाचा चहा पिणाऱ्या काकांना तो गवतासारखा लागण्याची शक्यता जास्त, त्यांना होजिचा द्या, भाजलेल्या पानांचा, खमंग, कडू नाही. किंवा गेनमाइचा, त्यात भाजलेला तांदूळ आणि मधे मधे लाह्या असतात, वास अगदी आपल्या भाजणीच्या दिशेने जातो. आणि पाणी उकळतं घालू नका हे देतानाच सांगा, माचाला आणि हिरव्या चहाला ७०-८० डिग्री पुरतं. होजिचाला उकळतं चालतं.

आई, सासूबाई, मावशी, काकू यांच्यासाठी काय?

तेनुगुई! हा शब्द पाठच करा. पातळ सुती कापडाचा तुकडा, साधारण ३५ बाय ९० सेंटिमीटर, आपल्या पंच्याचा लहान भाऊ. हात पुसायला, डब्याला गुंडाळायला, उन्हात डोक्यावर, भिंतीवर लावायला. हजार-दीड हजार येनमध्ये अप्रतिम नक्षी मिळते, वजन काहीच नाही. घेताना उलटी करून बघा. दोन्ही बाजूंना रंग सारखाच दिसला तर ती चुसेन पद्धतीची, म्हणजे कापडाच्या घड्यांवर रंग ओतून तो आरपार उतरवलेला. मागची बाजू फिकी असेल तर नुसती छापलेली. कडा शिवलेल्या नसतात, ते मुद्दाम, म्हणजे पाणी साचत नाही आणि लवकर वाळते. पहिल्या तीन-चार धुण्यांत धागे निघतात, ओढायचे नाहीत, कात्रीने कापायचे, मग आपोआप थांबतं. हे देताना नक्की सांगा, नाहीतर काकू म्हणणार एवढ्या लांबून आणलं आणि पहिल्याच धुण्यात उसवलं, किंवा मशीनवर बसून कडा शिवूनच टाकणार.

फुरोशिकी म्हणजे चौकोनी रुमाल, बांधायचा. आपल्या आज्या बोचकं बांधायच्या तसंच, फक्त गाठींचे प्रकार खूप. लग्नकार्यात साडी देताना प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी यात बांधून दिली तर काय दिसते म्हणून सांगू.

टॉवेल घ्यायचा तर इमाबारीचा. एहिमे प्रांतातलं गाव आहे, लाल-निळ्या-पांढऱ्या खुणेचं लेबल असतं, आणि त्या लेबलसाठी परीक्षा असते, टॉवेलचा तुकडा पाण्यावर टाकला की ५ सेकंदांत बुडायला लागला पाहिजे. म्हणजे नवा टॉवेल पाणी नुसतं ढकलत राहतो ती भानगडच नाही.

आजी-आजोबांना गुडघेदुखीच्या पट्ट्या हव्या असतात, सालोनपास वगैरे. छोटं पाकीट आणायला हरकत नाही, पण त्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

जपानी सुरी आणू का? विमानात चालते का?

चेक-इन बॅगेत चालते, केबिनमध्ये अजिबात नाही. टोकियोत उएनो आणि आसाकुसाच्या मधे काप्पाबाशी म्हणून रस्ता आहे, दोन्ही बाजूंना नुसती स्वयंपाकघराच्या सामानाची दुकानं, रविवारी बरीचशी बंद, म्हणून शनिवारी किंवा मधल्या वारी जा. शाकाहारी घरासाठी नाकिरी मागा, रुंद आणि सरळ पात्याची, खास भाज्यांसाठी. एक सुरी सगळ्यासाठी हवी असेल तर सांतोकू. सुऱ्यांची गावं माहीत असू द्या, ओसाकाजवळचं साकाई आणि गिफूतलं सेकी.

कार्बन स्टीलची घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते, धार अप्रतिम असते पण लिंबू-टोमॅटो कापून पाच मिनिटं तशीच ठेवली की डाग, आणि आपल्या पावसाळ्यात गंज. स्टेनलेस घ्या. आणि ज्याला देताय त्याला बजावा की नारळ, सुरण, कच्चा फणस यांच्यासाठी विळी किंवा कोयताच काढायचा, या सुरीचं पातं टणक असतं म्हणूनच त्याचा टवका उडतो. धारदार वस्तू भेट देऊ नये असं मानणारे लोक आपल्याकडे आहेत, तिकडेही आहेत, तेव्हा समोरच्याचा स्वभाव बघा. नाहीतर सेकीचं नेलकटर घ्या, मी किती जणांना दिलं असेल, सगळ्यांनी नंतर आणखी एक मागितलं.

मुलांसाठी?

स्टेशनरी, डोळे मिटून. टोकियोच्या गिंझामध्ये इतोया आहे, १९०४ पासूनचं, मजलेच्या मजले कागद आणि पेनं. तेवढा वेळ नसेल तर लॉफ्ट किंवा हँड्सच्या कुठल्याही दुकानात जा. पुसता येणारं फ्रिक्शन पेन मुलांना फार आवडतं, त्याची शाई घासल्यावर जी ऊब येते तिने अदृश्य होते, साधारण ६० डिग्रीला. म्हणूनच त्याने चेक, फॉर्म, बोर्डाचा पेपर लिहायचा नाही, आणि उन्हात बंद गाडीत वही राहिली तर लिहिलेलं गायब होऊ शकतं. हे पोरांना सांगून मगच द्या.

वाशी टेप घ्या, कागदाची नक्षीदार चिकटपट्टी, तिची एमटी नावाची प्रसिद्ध कंपनी कुराशिकीची, म्हणजे ओकायामा प्रांतातली. पुण्यातल्या मुलांना हे सांगायला मजा येते, कारण सिंहगड रस्त्यावरची आपली पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्याच कोराकुएन बागेवरून केलेली आहे. ओरिगामीचे कागद तर १०० येनला गठ्ठा मिळतो, एका गठ्ठ्यात अख्ख्या वर्गाचं काम होतं.

गाचापोन म्हणजे नाणं टाकून गोळा बाहेर येणारी मशिनं, ३००-५०० येन. आत काय निघेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून दोन भावंडांसाठी घेताना विचार करा, नाहीतर घरी महाभारत.

देवाधर्माचं काही आणता येईल का? आजीने सांगितलंय.

ओमामोरी आणा. देवळात मिळणारी छोटी कापडी पिशवी, आपल्या ताईतासारखी, साधारण ५०० ते १००० येन. अभ्यासासाठी वेगळी, वाहन सुरक्षित राहावं म्हणून वेगळी, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून वेगळी, काउंटरवर विचारा. ती पिशवी उघडायची नसते, देताना हे सांगायला विसरू नका.

आजीला एक गोष्ट नक्की सांगा. तिकडे बेन्झाइतेन म्हणून देवी आहे, हातात बिवा नावाचं तंतुवाद्य, तीच आपली सरस्वती. आणि आसाकुसाला सुमिदा नदीच्या काठी मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे, तिथला देव म्हणजे आपला गणपती, पण मूर्तीचं दर्शन मिळत नाही, आणि नैवेद्याला मोदक नाही तर पांढरा मुळा! देवळाच्या भिंतींवर, दगडांवर सगळीकडे मुळे कोरलेले आहेत. मी चतुर्थीला जायचे तिथे, मुळा ठेवायचे, आणि घरी येऊन आरती म्हणायचे. तिथली ओमामोरी मी आजीसाठी आणली तेव्हा तिने ती देव्हाऱ्यात गणपतीशेजारीच ठेवली.

दारुमा बाहुलीही छान, लाल गोल, डोळे नसलेली. इच्छा मनात धरून एक डोळा काढायचा, पूर्ण झाली की दुसरा. ती मुख्यतः गुन्मा प्रांतातल्या ताकासाकीची, आणि दारुमा म्हणजे बोधिधर्म, भारतातून चीनला गेलेले भिक्षू. दहावी-बारावीच्या, यूपीएससीच्या मुलांना द्यायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

१०० येनच्या दुकानातून घेतलं तर कमीपणा वाटेल का?

अजिबात नाही, पण निवडून घ्या. दाइसो, सेरिया, कॅन डू ही मुख्य नावं, टॅक्स धरून ११० येन पडतात. तिथलं बरंचसं चीनमध्ये किंवा दुसऱ्या देशांत बनलेलं असतं, मागे "निहोन-सेइ" असं लिहिलेलं म्हणजे जपानी बनावट, ते शोधा, सापडतं. डबा सजवायचे छोटे साचे, ओरिगामी कागद हे तिथून उत्तम. टोकियो टॉवरच्या किचेन आणि फ्रिज मॅग्नेट वीस-वीस घेऊ नका, घ्यायचं तर एक स्वतःसाठी घ्या.

राइस कुकर, हेअर ड्रायर, मोबाइल?

जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तिकडचा कुकर इकडे सरळ लावला की गेला. परदेशी व्होल्टेजची वेगळी मॉडेल्स मिळतात, तीच घ्या, नाहीतर नको. चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर काही अडचण नाही. तिकडे विकलेल्या आयफोनचा फोटो काढतानाचा आवाज जपानमध्ये बंद होत नाही, आणि काही कॅमेऱ्यांचा मेनू फक्त जपानीत असतो, पैसे द्यायच्या आधी दुकानात भाषा बदलून बघा.

कप-बश्या, वाट्या आणल्या तर फुटतील ना?

मी कितीतरी आणल्यात, एकच फुटली. दुकानदार इतकं सुंदर बांधून देतात की तसंच कपड्यांच्या मधे ठेवायचं, बॅगेच्या कडेला नाही. नातेवाइकांसाठी असेल तर "प्रेझेंतो-यो" एवढं म्हणा, भेटीसारखं बांधून मिळतं. आरिता, हासामी, मिनो, कुतानी ही गावं किंवा शैली लक्षात ठेवा, कुतानी रंगीबेरंगी, आरिता पांढरी-निळी. सेट पाचचा असतो, कारण चारचा उच्चार "शी", आणि शी म्हणजे मृत्यूसुद्धा. आपल्याला सहाची सवय, त्यामुळे सहावी सुटी मिळते का विचारून बघा.

लोखंडी किटली घेणार असाल तर आत बघा. आत इनॅमल असेल तर ती फक्त चहा मुरवायची, गॅसवर ठेवायची नाही. नुसतं लोखंड असेल तीच पाणी उकळायची. जड असते, बॅगेचा विचार करून घ्या.

वाजिमाची लाखेची वस्तू परवडली तर एखादा चमचा, चॉपस्टिकची जोडी घ्या. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात ते गाव फार उद्ध्वस्त झालं, कारागिरांची घरं, कामाच्या जागा गेल्या. तिथली एक वस्तू आपल्या घरात असावी असं मला वाटतं.

टॅक्स फ्री कसं मिळतं?

पासपोर्ट खिशात ठेवा, फोटो चालत नाही. एका दुकानात एका दिवशी टॅक्स सोडून ५००० येन किंवा त्याहून जास्त खरेदी हवी. टॅक्स १० टक्के, खाण्याच्या वस्तूंवर ८. आधी दुकानातच टॅक्स वगळायचे, खाऊ वगैरे सीलबंद पिशवीत द्यायचे आणि ती तिकडे असेपर्यंत फोडायची नाही असा नियम. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलतेय, आधी टॅक्ससकट पैसे भरायचे आणि निघताना एअरपोर्टवर वस्तू तपासून परतावा घ्यायचा. त्यानंतर जाणार असाल तर खरेदीचं सामान एका बॅगेत वर वर ठेवा आणि एअरपोर्टला नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

आपल्या कस्टम्सला काय चालतं?

२०१६ च्या नियमांत माणशी ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान ड्युटीशिवाय आणता यायचं, हा आकडा सुधारला जातो म्हणून निघायच्या आधी कस्टम्सच्या साइटवर ताजा बघा. नवरा-बायकोच्या मर्यादा एकत्र करून एकच महाग वस्तू आणता येत नाही, इथे बरेच जण फसतात. बिलं जपून ठेवा. रोपं, बिया, कंद आणू नका, साकुराचं बी वगैरे मोह होतो, पण परवाने लागतात. पॉवर बँक केबिनमध्येच. सॉस, व्हिनेगर, क्रीम १०० मिलीच्या वर असेल तर चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत बांधून.

ग्रुप टूरबरोबर चाललोय, खरेदीला अर्धा तास देतात. काय करू?

बसमधून उतरवतात त्या मोठ्या दुकानात सगळं उरकू नका. रोज रात्री हॉटेलजवळच्या दुकानातून एक-दोन गोष्टी घ्या. गावागावच्या मिठाया शिंकानसेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, स्टेशनांवर मिळतात, आणि मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात खाण्याचा मजला असतो, तिथे वीस मिनिटांत योकान, चहा दोन्ही होतं. टिकाऊ वस्तू आधी, खायचं शेवटी. हानेदा-नारिता एअरपोर्टवर मिठाया मिळतात, तेनुगुई आणि भांडी मात्र गावातच घ्या.

तिकडे कोणाच्या घरी राहणार आहे, इकडून काय नेऊ?

हापूस नेऊ नका, कितीही वाटलं तरी. सर्टिफिकेटशिवाय ताजी फळं तिकडे आत येत नाहीत, एअरपोर्टवरच काढून घेतात. बाकरवडी, काजूकतली, पैठणीच्या कापडाची छोटी पर्स, वारली चित्राचं कार्ड हे आवडतं. लहान लहान वेगळं बांधलेलं असेल तर उत्तम, म्हणजे ते पुढे वाटू शकतात. दोन्ही हातांनी द्या. त्यांनी तुमच्यासमोर उघडलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, तिकडची रीत तशी आहे.

शेवटी चिल्लर उरते तिचं काय करू?

५ येनची नाणी बाजूला काढा. पितळी, मधे भोक, एका बाजूला भाताची लोंबी, खाली पाण्याच्या रेघा आणि भोकाभोवती दातेरी चाक, म्हणजे शेती, मासेमारी आणि कारखाने. त्यावर इंग्रजी आकडाच नाही, फक्त जपानी अक्षरं. ५ येन म्हणजे "गो-एन", आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ आहे ऋणानुबंध, म्हणून देवळात हेच नाणं टाकतात. किंमत आपली तीन रुपये. लाल दोरा ओवून, अर्थ सांगून हातावर ठेवा. माझ्या शेजारच्या आजींनी ते किल्ल्यांच्या जुडग्याला बांधलंय आणि नवीन कोणी घरी आलं की आधी जुडगा काढून ते नाणं दाखवतात.